कुळीथ, शेंगदाणा आणि बॉम्बे रक्तगट

एक जखमी रेल्वे कामगार आणि एक चाकूने भोसकला गेलेला माणूस. १९५० नंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत मुंबईत या दोघांना रक्त हवे होते आणि मिळत नव्हते. तुटवडा होता म्हणून नव्हे. दाते होते, पण ज्याचे त्याचे रक्त या रोग्यांच्या सीरममध्ये मिसळले की तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून त्यांचे पुंजके होत. तपासणीत दोघेही ओ गटाचे दिसत होते. मग ओ गटाचे रक्त तरी चालायला हवे होते. तेही चालेना. दीडशेहून अधिक दात्यांचे रक्त जुळवून झाल्यावर मुंबईतलाच एक रहिवासी असा निघाला, की त्याच्या पेशी त्या सीरममध्ये सुट्या राहिल्या. या तपासाची हकीकत अशीच सांगितली जात आली आहे, आणि तिच्या मागे उभे असलेले तिघे होते डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया.

दोन रोगी आणि तो जुळलेला दाता, या तीन माणसांच्या पेशींवर वेगळे असे काय होते, हा प्रश्न संशोधकांपुढे होता. उत्तर निघाले ते उलटेच: वेगळे काही नव्हतेच, जे सर्वांजवळ असते तेच त्यांच्याजवळ नव्हते. रक्तगटांच्या अभ्यासात तोवर पेशीवर काय आहे हे शोधायची सवय होती. पेशीवर काय नाही, यावरून शरीराची संरक्षणव्यवस्था किती खवळू शकते, हे मुंबईने दाखवले. पुण्यात त्याच सुमारास एका लष्करी डॉक्टरने कुळथाच्या दाण्यातून त्याच व्यवस्थेसारखे वागणारे एक द्रव्य काढले होते. आणि बारा-तेरा वर्षांनी त्याच डॉक्टरने शेंगदाण्यातून दुसरे काढले, ज्याने पेशीवरच्या विद्युतभाराचे झाकण उचलले की आत काय दडलेले असते ते दाखवले. मुंबईची हकीकत आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते. पुण्याची जवळजवळ कोणी सांगत नाही. मला मात्र या दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्याशिवाय पुऱ्या वाटत नाहीत.

थोडे मागे जायला हवे. व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर याने १९०१ साली स्वतःचे आणि प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांचे रक्त घेऊन एकाचे सीरम दुसऱ्याच्या पेशींत मिसळून पाहिले. काही जोड्यांत पुंजके झाले, काहींत झाले नाहीत, आणि या होकार-नकारांच्या तक्त्यातून ए, बी आणि ज्याला पुढे ओ म्हटले गेले असे तीन गट निघाले. चौथा एबी गट पुढच्याच वर्षी त्याच्या सहकाऱ्यांना सापडला. त्यातून एक नियम हाती आला: ज्याच्या पेशीवर ए नाही त्याच्या सीरममध्ये ए-विरोधी प्रतिपिंड असते, ज्याच्यावर बी नाही त्याच्यात बी-विरोधी. कधीही परक्याचे रक्त न घेतलेल्या माणसातही. ही प्रतिपिंडे येतात कुठून, याचे पटणारे उत्तर १९५९ मध्ये गेओर्ग स्प्रिंगर याच्या कोंबडीच्या पिलांवरच्या प्रयोगांतून मिळाले. जंतूविरहित वातावरणात वाढवलेल्या पिलांत बी-विरोधी प्रतिपिंडे तयार होईनात. आतड्यातल्या जंतूंच्या अंगावर रक्तगटांसारख्याच साखरा असतात आणि त्यांच्याशी सामना करताना शरीर ही प्रतिपिंडे शिकते. ज्या खुणा आपल्याच पेशींवर आहेत, त्यांच्याविरुद्ध मात्र ते शिकत नाही.

पुंजके होण्यामागे विजेचाही हात आहे, याची चाहूल त्याहून जुनी. ज्यूल बोर्दे याने १८९९ मध्ये पाहिले होते, की प्रतिपिंडे चिकटलेले जंतू मीठ नसलेल्या पाण्यात पुंजके करत नाहीत. मीठ घातले की लगेच करतात. जंतू काय, तांबड्या पेशी काय, त्यांच्या पृष्ठभागावर ऋणभार असतो. विजेच्या क्षेत्रात ठेवल्या तर त्या धन टोकाकडे सरकतात. सारख्याच भाराच्या असल्यामुळे त्या एकमेकींना दूर ढकलतात आणि मिठाचे आयन ती ढकल थोडी बोथट करतात. रक्तपेढीतला तंत्रज्ञ आजही पेशी धुण्यासाठी साधे पाणी न घेता सलाइन घेतो. त्याचे पहिले कारण, साध्या पाण्यात पेशी फुटतील. दुसरे कारण बोर्देचे.

पहिल्या महायुद्धात सालोनिकाच्या आघाडीवर लुडविक आणि हान्का हिर्शफेल्ड या पोलिश डॉक्टर दांपत्याने वेगवेगळ्या देशांच्या हजारो सैनिकांचे आणि निर्वासितांचे रक्त तपासले. त्यांत हिंदुस्थानी शिपाईही होते. १९१९ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या आकड्यांत इंग्रजांत ए पुष्कळ आणि बी थोडा, तर हिंदुस्थानी शिपायांत शंभरातले चाळीसएक बी गटाचे. बी गटाचा उगम हिंदुस्थानात असावा, असा कयास त्यांनी केला. तो टिकला नाही, पण रक्तगट मोजून माणसांच्या समूहांचा इतिहास वाचता येईल ही कल्पना रुजली. मुंबईत व्ही. आर. खानोलकर आणि एल. डी. संघवी यांनी चाळिशीच्या अखेरीस शहरातल्या सहा जातींचा असा अभ्यास केला तो याच परंपरेत. आपल्याकडे लग्ने जातीतच होतात. दर जात म्हणजे जनुकांचा वेगळा साठा, आणि अभ्यासकाला आयता मिळालेला. समाजाला ही बंद दारे महागात पडली. आनुवंशशास्त्राला ती सोयीची ठरली, हे म्हणताना थोडे ओशाळायला होते.

दुसऱ्या महायुद्धाने रक्ताच्या बाटल्या, रक्तपेढ्या आणि रक्त जुळवण्याची शिस्त जगभर पसरवली. त्याच काळात विद्युतभाराचा प्रश्न नव्याने आडवा आला. ऱ्हीसस घटकाविरुद्धची कित्येक प्रतिपिंडे पेशींना चिकटत, पण पुंजके करत नसत. डोळ्यांना काहीच दिसायचे नाही आणि रोगी मात्र दगावायचा. पुढे मिळालेले स्पष्टीकरण असे: ए आणि बी विरोधी प्रतिपिंडे बहुतेक करून मोठ्या, पाच घटक जोडून झालेल्या जातीची असतात. त्यांचे हात दोन पेशींमधल्या अंतरापलीकडे पोहोचतात. लहान जातीच्या प्रतिपिंडांचे पोहोचत नाहीत, कारण ऋणभार पेशींना तेवढे जवळ येऊच देत नाही. रॉबिन कूम्ब्स याला युद्धकाळातल्या मिणमिणत्या दिव्यांच्या आगगाडीत यावर तोड सुचली. पेशींना चिकटलेल्या मानवी प्रतिपिंडांनाच जोडणारे दुसरे प्रतिपिंड वरून घालायचे. १९४५ मध्ये मूरंट आणि रेस यांच्यासह त्याने ही चाचणी प्रसिद्ध केली आणि आजही ती कूम्ब्स चाचणी म्हणूनच चालते. दुसरी तोड अधिक घरगुती होती: पपईच्या चिकातले पपेन. ते पेशीच्या अंगावरची ऋणभार धरणारी प्रथिने छाटून टाकते, मग पेशी जवळ येतात आणि लहान प्रतिपिंडांनाही त्यांना बांधता येते.

आता पुणे. लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात रक्तसंक्रमणाचे काम पाहणारे जी. डब्ल्यू. जी. बर्ड हे डाळी-कडधान्यांच्या दाण्यांचे अर्क तांबड्या पेशींवर घालून पाहत होते. वनस्पतींच्या अर्काने रक्ताचे पुंजके होतात हे एकोणिसाव्या शतकापासून माहीत होते. एरंडाच्या बियांनी तसे होते. पण ते सर्वांच्या रक्ताचे सरसकट होते. एखादा दाणा माणसामाणसांत भेद करील, ही गोष्ट चाळिशीच्या दशकात अमेरिकेत विल्यम बॉइड याला आणि फिनलंडमध्ये रेंकोनेन याला दिसली. बर्ड यांच्या हाती लागला तो कुळीथ, ज्याच्या पिठीचे पिठले कोकणातल्या पावसाळ्यात घरोघरी होते. कुळथाचा सलाइनमधला अर्क बी आणि ओ गटाच्या पेशींना शिवत नाही, ए गटाच्या पेशींना धरतो. आणि योग्य तेवढा पातळ केला, तर ए गटातल्याही ए-एक या उपगटालाच धरतो, ए-दोनला सोडतो. १९५१ मध्ये हे निरीक्षण ‘करंट सायन्स’मध्ये आले. त्याआधी ए-एक आणि ए-दोन वेगळे करायला माणसाच्या सीरमवर बरीच खटपट करावी लागे. पुण्याच्या बाजारात शेराने मिळणारे धान्य ते काम अधिक नेमके करत होते. आज जगातल्या कुठल्याही रक्तपेढीत ए-एक ओळखण्यासाठी जी बाटली ठेवलेली असते, तिच्यात बहुधा कुळथाचेच द्रव्य असते.

कुळथाला रोगप्रतिकारशक्ती नाही, त्याने कधी माणसाचे रक्त पाहिलेले नाही. तरीही त्याच्यातले प्रथिन माणसाच्या प्रतिपिंडाइतकेच काटेकोर निवडते. याचा अर्थ ओळख पटवणे ही काही फक्त प्रतिकारयंत्रणेची गूढ विद्या नव्हती. पेशीच्या पृष्ठभागावर काहीतरी ठोस, ठरावीक आकाराचे रसायन होते आणि ज्याच्याजवळ त्याला साजेसा खाचा असेल तो ते धरू शकत होता. बॉइडने १९५४ मध्ये अशा द्रव्यांना लेक्टिन हे नाव दिले.

लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये ते रसायन कोणते याचा शोध चालू होता. तिथे वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स हे दोन रसायनशास्त्रज्ञ रक्तगटांची द्रव्ये पेशींवरून काढण्याऐवजी लाळेतून आणि बीजकोशातल्या गाठींमधल्या द्रवातून मिळवत, कारण पेशींवर ती फार थोडी असतात आणि द्रवात विपुल. ओ गटाच्या पेशींवर म्हणून एक ‘ओ द्रव्य’ असते, असा तोवर समज होता. पण ते ए, बी आणि एबी गटांच्या माणसांतही कमीअधिक सापडे. मग ते ओ जनुकाचे कसे? १९४८ मध्ये मॉर्गन आणि वॉटकिन्स यांनी त्याला ओपासून तोडले आणि एच असे नाव दिले. सर्व माणसांत असणारे पायाचे द्रव्य. सर्व, असे तेव्हा वाटत होते.

त्याच संस्थेत रॉबर्ट रेस आणि रूथ सँगर हे, पुढे पती-पत्नी झालेले, रक्तगटतज्ज्ञ होते. जगाच्या पाठीवर कुठेही न जुळणारे रक्त निघाले की त्याचा नमुना त्यांच्याकडे जायचा. मुंबईच्या तिघांचे रक्तही गेले आणि निष्कर्ष नि:संदिग्ध होता. तिघांच्याही पेशींवर ए नाही, बी नाही आणि एचही नाही. सीरममध्ये मात्र ए-विरोधी, बी-विरोधी आणि एच-विरोधी अशी तिन्ही प्रतिपिंडे. ओ गटाच्या पेशींवर तर एच सर्वांत जास्त असतो, म्हणून ओचे रक्त या लोकांना सर्वांत वाईट. मे १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये सात नावांनिशी दोन पानांचा लेख आला: भेंडे, देशपांडे, भाटिया, सँगर, रेस, मॉर्गन आणि वॉटकिन्स. मुंबईची तीन नावे आधी आहेत. त्या काळी वसाहतींतून आलेल्या नमुन्यांवर लंडनच्या नावाची मोहोर उठणे नवे नव्हते. इथे तसे झाले नाही. पाठवणाऱ्यांनी नुसते रक्त पाठवले नव्हते, प्रश्न नीट मांडून पाठवला होता.

पण या माणसांच्या पेशींवर ए-बी नाही, तो ए-बीचे जनुकच नाही म्हणून की जनुक असूनही? याचे उत्तर तीन वर्षांनी अमेरिकेतून आले. इटालियन वंशाच्या एका कुटुंबात आईच्या रक्तात बीचा मागमूस नव्हता, वडील ए गटाचे, आणि मुलगी एबी. बी आला कुठून? एरवी अशा ठिकाणी लोक आईच्या किंवा बापाच्या चारित्र्यावर घसरतात. फिलिप लेव्हाइन आणि सहकाऱ्यांनी आईच्या रक्तात एच शोधला, तो मिळाला नाही, आणि गाठ सुटली. बीचे जनुक आईत होते, तिने ते मुलीला दिलेही, पण तिच्या स्वतःच्या पेशींवर ते उमटू शकत नव्हते. या प्रकाराला लेव्हाइन यांच्या १९५५ च्या लेखाने ‘बॉम्बे’ म्हटले आणि शहराचे नाव बदलले तरी रक्तगटाचे बदलले नाही.

रसायन कळल्यावर हे सगळे सोपे झाले. एच म्हणजे साखळीच्या टोकाशी लागलेली फ्यूकोज ही साखर. ए जनुकाचे विकर त्या टोकाला एक साखर जोडते, बी जनुकाचे विकर दुसरी, ओ जनुकाला काहीच जोडता येत नाही. एच ही खुंटी आहे आणि ए-बी तिच्यावर टांगलेले कपडे. खुंटीच ठोकलेली नसेल तर कपडे असून उपयोग नाही. वॉटकिन्स आणि मॉर्गन यांनी १९५९ मध्ये या टप्प्याटप्प्याच्या जडणघडणीचा आराखडा मांडला. जनुके थेट प्रतिजन बनवत नाहीत, ती साखर जोडणारी विकरे बनवतात, आणि एकाचे काम झाल्याशिवाय दुसऱ्याचे सुरू होत नाही. मुंबईचे तिघे नसते तर या आराखड्याचा पहिला टप्पा सिद्ध करणे कठीण गेले असते.

इकडे मुंबईत १९५७ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने खानोलकरांच्या पुढाकाराने रक्तगट संदर्भ केंद्र काढले. तेच वाढत जाऊन आज परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी म्हणून उभे आहे. १९५२ च्या लेखातले तिसरे नाव असलेल्या भाटियांनी या कामाला आयुष्य वाहिले. त्यांनी आणि साठे यांनी १९७४ मध्ये मुंबईतले प्रमाण काढले: सुमारे ७,६०० माणसांत एक. युरोपात ते दहा लाखांत एकाच्या घरात जाते. १९८८ मध्ये देशभरच्या १७९ नोंदींचा आढावा निघाला, त्यांत ११२ महाराष्ट्रातल्या होत्या. त्याखालोखाल कर्नाटक, आंध्र, गोवा. तपासणीची सोय जिथे, नोंदी तिथेच अधिक, हे धरूनही दख्खन आणि कोकणपट्टीकडे कल स्पष्ट आहे. ओडिशातल्या काही आदिवासी समूहांतही तो पुढे सापडला. हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावर तर तो दोन निरनिराळ्या रूपांत मिळाला. एक गोऱ्या वसाहतकऱ्यांच्या वंशजांत, आणि दुसरा भारतातून उसाच्या मळ्यांवर नेलेल्या मजुरांच्या वंशजांत.

७,६०० त एक हा आकडा दिसतो तितका लहान नाही. हा दोष अप्रभावी आहे, आईकडून आणि बापाकडून दोन्हीकडून यावा लागतो. सरळ हिशेब केला तर मुंबईत सुमारे ४४ जणांत एक माणूस त्याचे एक जनुक बाळगून असणार, त्याला स्वतःला काहीही न होता. मामेबहिणीशी, आतेबहिणीशी लग्न करण्याची रीत जिथे आहे तिथे अशी दोन जनुके एकत्र येण्याची शक्यता साहजिकच वाढते. बॉम्बे गटाच्या माणसाला त्याचा काही त्रास होत नाही. तो निरोगी जगतो. अडचण रक्त लागले तरच.

या कथेची दुसरी बाजू डेन्मार्कमध्ये सुरू झाली होती. विशीच्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे थॉमसन आणि फ्रीडनराइश यांनी एक विचित्र प्रकार अभ्यासला: जंतूंनी बिघडलेल्या रक्ताच्या पेशी कुठल्याही प्रौढ माणसाच्या सीरममध्ये पुंजके करू लागतात. गट कोणताही असो. जणू पेशी एका रात्रीत सर्वांनाच परकी झाली. १९४० च्या दशकात मॅकफार्लेन बर्नेट याला पटकीच्या जंतूच्या द्रवात असे करणारे विकर मिळाले. ते पेशीवरून काय तोडते हे पुढच्या दशकात कळले: सियालिक आम्ल, साखळ्यांच्या अगदी टोकाला बसणारी ऋणभारित साखर. १९६२ मध्ये एडविन आयलर आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की तांबड्या पेशीचा ऋणभार मुख्यतः याच साखरेचा आहे. ती काढली की भार उतरतो आणि पेशीची विजेच्या क्षेत्रातली चाल मंदावते.

भार उतरल्यावर खाली काय उघडे पडते ते बर्ड यांनी १९६४ मध्ये शेंगदाण्याने दाखवले. शेंगदाण्याच्या अर्काला निरोगी तांबड्या पेशीशी काही देणेघेणे नसते. सियालिक आम्ल काढलेल्या पेशीला मात्र तो पटकन धरतो. प्रौढांच्या सीरममध्येही याच उघड्या पडलेल्या खुणेविरुद्ध प्रतिपिंडे असतात, आतड्यातल्या जंतूंनी शिकवलेली. म्हणजे आपल्या प्रत्येक पेशीवर एक अशी खूण आहे जिच्यावर आपलेच शरीर हल्ला करील. ती फक्त एका ऋणभारित साखरेखाली झाकलेली आहे. लहान मुलांत न्यूमोकॉकसचा जोराचा संसर्ग होतो तेव्हा कधी कधी जंतूंचे विकर हे झाकण रक्तातच काढते, आणि रक्तपेढीत शेंगदाण्याची चाचणी आजही त्यासाठी करतात.

इथून गोष्ट रक्तगटांच्या बाहेर गेली. इस्राएलमध्ये नेथन शेरॉन यांच्या गटाने १९७६ मध्ये पाहिले, की थायमस ग्रंथीतल्या अपक्व टी पेशींना शेंगदाण्याचे प्रथिन धरते आणि पक्व पेशींना धरत नाही. पेशी शिकूनसवरून बाहेर पडण्याआधी अंगावर सियालिक आम्ल चढवून घेते. १९७८ मध्ये डग्लस फिअरन याने आणखी मुळावर बोट ठेवले. रक्तातली पूरक प्रथिने कुठल्याही पृष्ठभागावर आपोआप बसतात आणि एकदा बसली की आणखी प्रथिने ओढून घेतात. सियालिक आम्ल असलेल्या पेशीवर फॅक्टर-एच नावाचे नियंत्रक प्रथिन येऊन ही साखळी तोडते. सियालिक आम्ल काढलेल्या पेशीवर ते नीट बसत नाही आणि हल्ला चालू राहतो. हेपरिन या दुसऱ्या, भरपूर ऋणभार असलेल्या साखरसाखळीनेही तोच बचाव होतो. त्यामुळे इथे नुसता आकार नव्हे, भारही वाचला जातो असे म्हणायला आधार मिळाला. मात्र भार हेच सर्व काही, असे समजणे चुकीचे. बहुतेक जंतूंचा पृष्ठभागही ऋणभारितच असतो. संरक्षणयंत्रणा विचारते तो भार कोणत्या रेणूवर, किती दाटीने आणि कुठे बसला आहे. मेंदूज्वराच्या काही जंतूंनी हे ओळखून स्वतःच सियालिक आम्लाचे पांघरूण घेतले आहे.

विदर्भ आणि त्याला लागून असलेल्या बालाघाट भागाला हा विषय दूरचा नाही. बालाघाट जिल्हा मलेरियासाठी वर्षानुवर्षे ओळखला जातो, आणि फाल्सिपेरम जातीचा परजीवी तांबड्या पेशीत शिरताना ज्या खुणा चाचपतो त्यांत ग्लायकोफोरिन प्रथिनावरचे हेच सियालिक आम्ल आहे. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये या पट्ट्यातला सिकलसेल जगापुढे आणला. त्यातही भाराचा संबंध येतो. निरोगी पेशी फॉस्फॅटिडिलसेरीन हे ऋणभारित स्निग्धद्रव्य आवरणाच्या आतल्या बाजूला ठेवते. विळ्यासारख्या वाकलेल्या पेशींत ते बाहेर येते, आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी ते दिसताच तिला उचलून संपवतात. वरचा ऋणभार शाबूत असेल तर पेशी आपली, आतला बाहेर पडला तर मोडीत काढायची.

एचच्या जनुकाचा माग १९९० मध्ये लागला. अमेरिकेत जॉन लो यांच्या गटाने ते एकोणिसाव्या गुणसूत्रावर शोधले. १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी भारतीय बॉम्बे गटामागचा बदल दाखवला. फ्यूकोज जोडणाऱ्या विकरात एका जागी ल्युसिनऐवजी आर्जिनिन आले आहे, म्हणजे भार नसलेल्या घटकाच्या जागी धनभार असलेला. एवढ्याने विकर निकामी होते. लाळेतला एच बनवणारे शेजारचे जनुक तर या लोकांत मुळी गळूनच गेले आहे. दोन्ही दोष एकाच गुणसूत्रावर शेजारी असल्याने बरोबरच वारशाने जातात. भारतातल्या आणि रेयुनियनमधल्या भारतीय कुटुंबांत हाच जोडदोष सापडणे हा त्यांच्या समान पूर्वजांचा पुरावा ठरतो.

आता व्यवहाराची बाजू. बॉम्बे गटाची सर्वांत मोठी जोखीम ही की तो ओसारखा दिसतो. पेशींवर ए-विरोधी आणि बी-विरोधी सीरम घालून एवढीच तपासणी केली, तर कागदावर ‘ओ’ असेच उमटते, आणि माणूस आयुष्यभर तेच खिशात बाळगतो. चूक पकडणारी पायरी दुसरी आहे: रोग्याच्या सीरममध्ये ओळखीच्या ए, बी आणि ओ पेशी घालून पाहणे. ओ पेशींच्या नळीत पुंजके दिसले की संशय घ्यायचा. मोठ्या रक्तपेढीत हे नेमाने होते. तुमसरहून निघणाऱ्या रेल्वे फाट्यावरचे तिरोडी घ्या, मँगनीजच्या खाणींचे गाव. अशा गावात गट बहुधा शिबिरात काचेच्या पट्टीवर पाहिला जातो, आणि तिथे ही दुसरी पायरी होत नाही. शिबिरातल्या कार्डावरचा गट ही सोय आहे, रक्त चढवण्याची परवानगी नव्हे, हे दर शिबिरात सांगायला हवे असे मला वाटते.

चूक झाली तर काय होते ते मे २०२४ मध्ये इंदूरला दिसले. एका महिलेला ओ पॉझिटिव्ह समजून रक्त दिले गेले, प्रकृती बिघडली, आणि मग ती बॉम्बे गटाची असल्याचे कळले. तिच्यासाठी शिर्डीहून एक दाता सव्वाचारशेहून अधिक किलोमीटर मोटारीने गेला. असे दाते शोधून देणाऱ्या लोकांचे जाळे आता महाराष्ट्रात आणि कर्नाटकात चांगले विणले गेले आहे. बॉम्बे गटाच्या माणसाच्या तांबड्या पेशी गरज पडल्यास इतर गटांना चालतात, त्याला मात्र फक्त आपल्याच गटाच्या. म्हणून हे रक्त नेहमीच्या शिबिरात घेऊन साठवत नाहीत, कारण बाटलीची मुदत संपून ते वाया जाते. दात्याचा नंबर टिपून ठेवतात आणि लागेल तेव्हा बोलावतात. कुठे सोय असेल तर ग्लिसरॉल घालून गोठवूनही ठेवतात. एक माणूस सापडला की लगोलग त्याच्या सख्ख्या भावंडांचे रक्त तपासायचे असते, कारण आई-बाप दोघेही दोष बाळगणारे असल्याने प्रत्येक भावंड त्याच गटाचे असण्याची शक्यता चारांत एक असते.